मम्मीच्या मातीला घंटा वाजली न्हाई

मेलेल्या आईवर पोरानं लिहिलंय म्हणल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. ठेवा खिशात. माझी मम्मी काही शांत तेवणारी समई वगैरे नव्हती. ती एस.टी. डेपोतला भोंगा होती. तिच्या हाताला मायेचा वास यायचा न्हाई, खडूचा आन कांद्याचा यायचा. तो हात कसा बसायचा ते माझ्या पाठीला विचारा.

आन आम्ही ख्रिश्चन हाओत म्हणल्यावर तुमच्या डोळ्यापुढं समुद्र, गिटार, केक, फ्रॉक घातलेली आन्टी असं काहीबाही आलं असंल. तेबी पुसून टाका. जालना जिल्ह्यात समुद्र असता तर टँकरवाल्यांनी कवाच उपसून विकला असता. आमच्या घरात इंग्रजी फक्त गॅसच्या टाकीवर होती. नाताळाला आमच्यात करंज्या, चकल्या आन मटण. भेटलो की 'सलाम' म्हणतो, भांडलो की तुमच्यासारखंच भांडतो.

मी नकला करतो. हळदीला, गॅदरिंगला, गणपतीच्या स्टेजवर लोक मला बोलावतात. पुढाऱ्याचा आवाज, कंडक्टरचा आवाज, नव्या सुनेला झोपेतून उठवणाऱ्या सासूचा आवाज. त्यामुळं तुम्ही म्हणाल, चला, पोरगं हसवंल. हसवीन की. पण मी लई तापलेलो हाय, ते आधीच सांगून ठेवतो.

कशानं तापलो? आमच्या चर्चमध्ये माणूस गेलं की घंटा वाजवतात. एक ठोका, मंग थांबायचं, बराच वेळ थांबायचं, मंग दुसरा. अख्ख्या गावाला कळतं की आज कुणीतरी कमी झालं. माझ्या मम्मीनं कित्येक वर्षं सगळ्यांच्या मयताला ती घंटा वाजवली. आन तिच्या स्वतःच्या मयताला ती वाजली न्हाई. काऊन? तर घंटा वाजवायचं काम तिचं होतं.

वाचा परत. मी शंभरदा वाचलंय, तरी डोकं फिरतं.

मम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण. आम्ही राहतो तालुक्याच्या गावात, चर्चच्या कंपाऊंडला भिंत लावून. शाळा तिकडं वडीगोद्रीच्या अंगाला, हायवेवरून आत गेलं की एक वाडी. एस.टी.नं फाट्यापर्यंत, फाट्यावरून कुणाच्या मोटारसायकलवर, न्हाईतर पायी. वाडीत निम्मी घरं शेतकऱ्यांची, निम्मी धनगरांची. शाळेला दोन जण. एक हेडसर, ते कायम मीटिंगला. दुसरी मम्मी, ती बाकी सगळं. शिकवायची, खिचडीचे तांदूळ निवडून घ्यायची, मतदारयादी घेऊन उन्हात दारोदार हिंडायची, आन घरी आल्यावर मोबाईल डोळ्याला लावून माहिती भरत बसायची.

"मी शिकवायला लागले का माहिती भरायला? पोरांची भर, संडासाची भर, खिचडी खातानाचा फोटो भर. एक दिवस म्हणतील, बाई, तुम्ही शिंकलात त्याचा फोटो न्हाई आला."

ऐकलं? ही माझी मम्मी. ध्यानात ठेवा, कारण पुढं लोक उभं राहून सांगणार हायेत की बाईंनी कधी तक्रार केली न्हाई.

दिवाळी झाली की वाडीतली धनगरांची बिऱ्हाडं मेंढ्या घेऊन निघायची आन पोरंबी मागं मागं जायची. मम्मी सरळ मेंढ्यांच्या वाड्यापाशी जाऊन उभी राहायची. तिथं लाल फेट्याचा एक म्हातारा होता, त्याची दोन नातवंडं तिच्या वर्गात. त्याला म्हणायची, "बाबा, सांजच्याला मेंढ्या मोजतो का न्हाई? एक कमी भरली तर हुडकत हिंडतो का न्हाई? माझ्या वर्गात दोन कमी भरून राह्यल्यात. आण इकडं."

म्हातारा हसायचा. "बाई, तुम्ही तर मेंढीपेक्षा लई वरडता," म्हणायचा. पण पोरं आजीपाशी ठेवून जायचा. ह्या म्हाताऱ्यालाबी ध्यानात ठेवा.

आता चर्च. चर्चमध्ये मम्मी कोण होती? कोणीच न्हाई. पंच न्हाई, सेक्रेटरी न्हाई. पुढं उभं राहून बोलायला मिळायचं ते वर्षातून एकदा, महिलांच्या रविवारी, आन तवाबी मोठे पंच खालून घड्याळ दाखवायचे. पण झाडू तिचा, फुलं तिची, संडे स्कूल तिचं, जेवणावळीची पातेली तिची, आन घंटा तिची.

मोठे पंच म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीतले सगळ्यात वरचे. रिटायर साहेब, पांढरे बूट, नाकातून बोलणं. आधी घंटेला एक म्हातारा शिपाई होता. तो थकला, लेकीच्या गावी गेला, तवा मोठे पंच मम्मीला म्हणले, "बाई, नवीन माणूस मिळेपर्यंत जरा तुम्ही बघा." तवा मी पहिलीत होतो. आता मला दाढी आलीय. नवीन माणूस अजून मिळून राह्यलाय.

रविवारी तीन घंटा. पहिली झाली की लोक अंघोळीला पळतात, दुसरीला घरातून निघतात, तिसरीला आत बसतात. घड्याळ कुणी पाहतच न्हाई. मम्मी पहिली वाजवून घरी यायची, कुकर लावायची, माझा भांग असा पाडायची की डोक्याचे दोन देश व्हावे, पळत जाऊन दुसरी वाजवायची. मंग चर्चच्या दारात संडे स्कूलच्या पोरांच्या चपला ओळीत लावून घ्यायची. "अय, डावी कुठंय? देवापुढं एका पायानं जातो का?" मंग तिसरी. मंग आत येऊन सगळ्यात मागच्या बाकावर, कारण मधीच उठून चहाचं पाहावं लागायचं.

एका उन्हाळ्यात घंटेचा दोर तुटला. कमिटीला सांगून सांगून तिचा घसा बसला. "पुढच्या मीटिंगला घेऊ, बाई." तीन-चार मीटिंगा झाल्या, दोर काही मीटिंगला आला न्हाई. शेवटी मम्मीनं तिची जुनी निळी साडी फाडली, पट्ट्यांची मनगटाएवढी जाड वेणी घातली आन पप्पांना शिडीवर चढवून घंटेला बांधली. वर्षाच्या अखेरीला मोठ्या पंचांनी अहवाल वाचला, त्यात वाक्य होतं, 'घंटेची दुरुस्ती करण्यात आली.' करण्यात आली! जसं काय वरून दूत उतरले, साडी फाडून गेले.

मी नकला कुणाकडून शिकलो म्हणता? तिच्याकडून. त्या अहवालाच्या दिवशी घरी भाकरी थापता थापता तिनं मोठे पंच काढले, नाकासकट. "दुरुस्ती... करण्यात... आली. आता बाई, तेवढं आपलं... भाकरी थापण्यात यावी." पप्पा पोट धरून हसले. पप्पा डेपोत मेकॅनिक. दिवसभर इंजिनाशी बोलून घेतात, घरी येईपर्यंत बोलणं संपलेलं असतं, पण हसायला कायम तयार. आमच्या घरात रेडिओ लागायचा न्हाई, मम्मी लागायची. हेडसर, पंच, पास्टरसाहेब, शेजारीण, सगळे आमच्या चुलीपाशी येऊन जायचे.

पण तिचे कायदे होते. आवाज काढायचा, व्यंग काढायचं न्हाई. पास्टरसाहेब एका पायानं लंगडतात. एकदा मी त्यांचं चालणं करून दाखवलं तर उलथनं फेकून मारलं. दुसरा कायदा, तिची स्वतःची नक्कल करायची न्हाई. मी एकदा सुरू केली, "अय, डावी कुठंय?" तर पिठाचा हात उगारून म्हणली, "मी मेल्यावर काढ माझा आवाज. जित्तेपणी मी काढते तेवढा बास हाय."

मंग ती मेली.

शाळेतून आली. छातीत जळजळतंय म्हणली, ॲसिडिटी म्हणली, जिऱ्याचं पाणी प्याली, कुकर लावला, आन शिट्टी व्हायच्या आत खुर्चीतून खाली. जालन्याला नेईपर्यंत संपलं. ह्याच्यापुढं मी सांगणार न्हाई. तुम्ही रुमाल काढाल.

दुसऱ्या दिवशी माती. पेटी आणून चर्चच्या ओट्यावर ठेवलेली. अंगणातल्या लिंबाखाली सगळे जमले. पुरुष उभे, बायका पदर सावरून तयार, पास्टरसाहेब पुस्तक उघडून आत तयार. पण आत कोणी जाईना. मला वाटलं दुःखानं पाय उचलंना. दुःखानं! अहो, ते घंटेची वाट पाहून राह्यले होते! आमच्या लोकांना घंटेशिवाय उंबरा वलांडायची सवयच न्हाई. मी माझ्या कानानं ऐकलं, माझ्या मागून एक जण म्हणला, "घंटा न्हाई झाली अजून."

दुसरा म्हणला, "होईल की. बाई टायमाच्या पक्क्या हायेत."

बाई पेटीत होत्या.

पण उठून दोर धरावा, हे एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई. दहा पावलांवर दोर लोंबून राह्यला होता, निळा. शेवटी पास्टरसाहेब म्हणले, "चला, आत घेऊ या," आन पेटी मुक्यानं आत गेली. मी खांदा देऊन होतो. त्या टायमाला मला माझं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, घंटा कुठून आठवावी.

आठवून दिली ती त्या लाल फेट्याच्या म्हाताऱ्यानं. वाडीतले लोक टेम्पो करून आल्ते. आत यावं का न यावं कळंना म्हणून फाटकाबाहेर उभे राह्यले, मंग कबरस्तानापर्यंत मागं मागं आले, मूठ मूठ माती टाकली. निघताना म्हातारा माझ्यापाशी आला.

"लेकरा, ती घंटा झाली का?"

"कोणती, बाबा?"

"बाई पोरांना सांगायच्या ना. आमच्यात माणूस गेलं की घंटा सावकाश वाजवत्यात, सगळ्या गावाला कळावं म्हणून. आमची पोरं सकाळधरनं इचारून राह्यलीत. आम्ही बाहेर होतो, मला वाटलं मला ऐकू न्हाई आली."

मी त्याला काय सांगू? म्हणलं, "झाली, बाबा." खोटं बोललो. आमच्या लोकांची इज्जत राखली, मेंढपाळापुढं. आन तिथंच माझ्या अंगाला जी आग लागली ती लागली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी स्मरणाची उपासना ठेवली होती. म्हणलं, ठीक हाय, चुकलं असंल, माणसं हायेत, त्या दिवशी वाजवू. मी मोठ्या पंचांच्या घरी गेलो. ते ओसरीत चहा पिऊन राह्यले होते.

"सलाम, साहेब."

"सलाम, सलाम. ये, बाळ. आईची फार आठवण येते ना?"

"मम्मीची घंटा राह्यली, साहेब."

"कोणती घंटा?"

"मयताची. वाजलीच न्हाई."

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलेलं होतं. ते तसंच धरून विचार करत बसले. बिस्कीट तुटून आत पडलं. "अरेरे," म्हणले. बिस्किटाला म्हणले का घंटेला, मला अजून कळलेलं न्हाई.

"रविवारी वाजवू ना मंग," मी म्हणलं.

"असं कसं, बाळ? मयताची घंटा मातीच्या दिवशीची. आता वाजवली तर लोकांना वाटेल आणखी कोणीतरी गेलं. घरोघर फोन सुरू होतील."

"होऊ द्या की. कोण गेलं विचारलं तर सांगू कोण गेलं."

"भावनेच्या भरात नियम मोडायचे नसतात. बाईंना सगळं पोचलं आहे. आणि मुख्य म्हणजे," इथं आवाज पुरा नाकात गेला, "वाजवणार कोण? बाई होत्या तोवर कसं, काही टेन्शनच नव्हतं."

टेन्शनच नव्हतं! मी उठलो. जाताना त्यांच्या फाटकाला लाथ घातली. फाटक लोखंडी होतं. पाय माझा सुजला.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते मोरीपाशी हाताचं ग्रीस काढून राह्यले होते. सगळं ऐकून म्हणले, "असंल त्यांचा नियम."

"नियम? मम्मीनं साडी फाडली तवा कोणता नियम होता? तुम्हाला काहीच वाटत न्हाई का?"

"वाटून काय करू?" पप्पा म्हणले. "तुझ्यासारखं वरडू?" आन परत हात चोळायला लागले. हात कवाच साफ झाला होता. तरी चोळून राह्यले.

रविवार आला. चर्च भरलेलं. पहिली, दुसरी, तिसरी घंटा कुणी वाजवली न्हाई, त्यामुळं निम्मे लोक टायमाच्या आधी आले आन निम्मे प्रार्थना संपल्यावर. पुढं मम्मीचा फोटो, हार. फोटो मतदान ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात ती फोटोवाल्यावर खेकसायच्या बेतात दिसते. पहिल्या बाकावर पप्पा, त्यांच्याशेजारी मावशी. मावशी म्हणजे मम्मीची थोरली बहीण, जालन्याची, जिच्यापुढं मम्मीबी हळू बोलायची.

पास्टरसाहेब बोलले. चांगलं बोलले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार न्हाई. मंग मोठे पंच उठले.

"बाईंनी आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नाही. कधी तक्रार केली नाही. एका शब्दानं नाही. मूकपणे सेवा केली."

मूकपणे! माझी मम्मी! तिच्या आवाजानं कावळे लिंबावर बसत नव्हते, आन ह्यांनी तिला मुकी करून टाकली. तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून माणूस मुकं होतं का? तिनं तक्रार केली. दोराची केली, पातेल्यांची केली, मागच्या बाकाची केली. तुम्ही पुढच्या मीटिंगला घेतली.

"आता चिरंजीव दोन शब्द बोलतील," मोठे पंच म्हणले, आन मी बाजूनं पुढं जाताना माझ्या कानाशी वाकले, "थोडक्यात. आणि नकला नकोत."

मी काही ठरवून गेल्तो असं न्हाई. खिशात चांगलं भाषण होतं, 'आदरणीय' पासून सुरू होणारं. पण ते 'नकला नकोत' ऐकलं आन हात खिशात गेलाच न्हाई.

"सलाम," म्हणलं. "मोठ्या पंचांनी सांगितलं की मम्मीनं कधी तक्रार केली न्हाई. तुम्हाला ऐकू आली नसंल, म्हणून ऐकवतो."

आधी मोठे पंच काढले. नाक, खाकरणं, सगळं. "बाई... नवीन माणूस मिळेपर्यंत... तेवढं आपलं... तुम्हीच बघा." मागं पोरं फिसकली. बायकांनी पदर तोंडाला लावले, रडायला न्हाई. कारण घरोघर सगळेच त्यांचा आवाज काढतात, उघड कोणी काढत न्हाई. मोठे पंच लाल झाले.

आन मंग मी मम्मीचा आवाज काढला. जन्मात पहिल्यांदा.

"अय! मागचे पुढं या. पुढचे बाक काय लोणच्याला ठेवलेत का? चपला कुणाच्या ह्या? डावी कुठंय?"

बाप्पा, काय सांगू. संडे स्कूलची सगळी पोरं खाडकन उभी राह्यली. मागच्या बाकावरची एक बाई खरोखर वाकून चपला पाहायला लागली. पहिल्या बाकावर मावशी दोन्ही हात छातीला लावून उठली. माझ्याच अंगावर काटा आला. पण गळ्यातून ती बाहेर पडली होती, आता मला थांबवता येईना.

"मोठे पंच, घड्याळ काय पाहता? पहिली झाली का? न्हाई? काऊन न्हाई? मी तर पेटीत पडले. मंग दोर कोण धरंल? सगळ्यांच्या मयताला मी वाजवली. तुमच्या आईच्या मयताला मला ताप होता, तरी वाजवली. आता माझं मयत हाय, तर उठून माझी घंटा मीच वाजवू का?"

मोठे पंच उभे राह्यले. "बस! खाली बस! हा काय तमाशा..."

आन पप्पा उठले.

मला वाटलं मला मारायला उठले. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंबी न्हाई. मधल्या वाटेनं सरळ दाराकडं चालत गेले. लोक बाजूला सरले, त्यांना वाटलं शरमेनं घरी चालले. मंग घंटा वाजली.

पहिले ठोके धडाधड, रविवारसारखे, चुकीचे. पप्पांनी आयुष्यात कधी दोराला हात लावला नव्हता, एकदा बांधायला लावला तेवढाच. मंग ते थांबले. मंग एक ठोका. आन इतका वेळ काहीच न्हाई की मला वाटलं संपलं. मंग दुसरा. सावकाश. बराबर तिच्यासारखा.

मोठ्या पंचांनी सांगितलेलं एक मात्र खरं झालं. लोकांचे फोन वाजायला लागले. आन समोरचा चहावाला, त्याचा आमच्या चर्चशी संबंध न्हाई, पण इतकी वर्षं ती घंटा ऐकतो, तो हातातलं फडकं तसंच घेऊन दारात पळत आला.

"कोण गेलं हो? कोण गेलं?"

दारापाशी सगळ्यात जवळ मोठे पंच होते, पप्पांना थांबवायला निघाले होते ते तिथंच अडकले होते. चहावाला त्यांच्याच तोंडाकडं पाहून राह्यला. त्यांना सांगावं लागलं.

"बाई," ते म्हणले. "बाई गेल्या."

नाकातून न्हाई म्हणले. एवढंच पाहिजे होतं मला. एवढ्यासाठी माझा पाय सुजला होता.

तुम्हाला वाटंल आता सगळे गळ्यात पडले. कुठलं काय. बाहेर जेवण होतं, वरण-भात आन बुंदी. सगळे जेवले. पास्टरसाहेबांनी मला लिंबाखाली गाठून क्षमेबद्दल सांगितलं, बरंच सांगितलं. कमिटीतल्या एकानं सांगितलं की देवाच्या घरात असला धिंगाणा त्यानं उभ्या जन्मात पाहिला न्हाई, आन बुंदी परत घ्यायला गेला. आन मोठे पंच, हात धुऊन, रुमालानं एकेक बोट पुसत पप्पांपाशी आले. मी शेजारीच होतो. माझ्या कानावर माझा इस्वास बसला न्हाई.

"चांगली वाजवलीत हो," ते म्हणले. "मग आता... नवीन माणूस मिळेपर्यंत... तेवढं रविवारचं तुम्हीच..."

"न्हाई," पप्पा म्हणले.

बस. एकच शब्द. त्यांच्या बाहीला निळे धागे चिकटलेले होते, ते एकेक काढून राह्यले. मोठ्या पंचांचं तोंड उघडंच राह्यलं. ते तोंड इतकं झकास उघडलेलं होतं की मी तिथल्या तिथं तसंच करून दाखवलं, नाकासकट, "आपलं... न्हाई म्हणजे... न्हाई?"

आन माझा कान कुणीतरी धरला. पिरगाळला. धरायची पद्धत घरचीच होती. मावशी. तिनं मला कानाला धरून अंगणाच्या कोपऱ्यात नळापाशी नेलं, जिथं जेवणाची पातेली पडलेली होती. वरणाची, भाताची, खरकट्यासकट, माशा घोंगावून राह्यलेल्या.

"मेलेल्या बहिणीचा आवाज ऐकवतो मला? मी उठून उभी राह्यले, म्हणलं आली का काय! काळीज हातात आलं माझं. लाज न्हाई वाटत?"

"मावशी, तिनंच सांगितल्तं. मी मेल्यावर काढ म्हणली होती."

"ती तर मला म्हणायची, ताई, ह्याला एकदा चपलेनं हाण. ते ऐकलं का मी? ऐकू आता? लई शहाणा झाला. आन त्या पंचाची खोड मोडायची होती तर ओसरीत मोडायची. बापाला सगळ्यांसमोर उठवायला लावलं. त्याचे हात पाहिले का, कसे थरथरून राह्यलेत? न्हाई पाहिले. तू तोंडं पाहतो लोकांची. हात कवा पाहणार? आन ह्या तुमच्या चर्चच्या बाया! जेवल्या, तोंड पुसलं आन मला काय म्हणून गेल्या माहितीये? 'ताई, पातेल्यांचं तेवढं बघा.' मी पाहुणी! मला! रडतोस काऊन आता? इतका वेळ न्हाई रडला, आता रडून मला वैताग देऊ नको. बस खाली. बाह्या वर कर. राख तिकडं हाय, साबण नको घालवू. आतून घास, तुझ्या भाषणासारखं नुसतं बाहेरून चमकवू नको. आन घासताना तोंड बंद. कुणाचाच आवाज नको हाय मला. तिचा तर बिलकुल न्हाई."